‘हॉटेल कॅलिफोर्निया’चे शब्द : बैठकीआधी लावून घेऊ या (नाशिक)

बारा_तारा (धागाकर्ता)

मंडळी, येत्या रविवारच्या बैठकीत ईगल्स या अमेरिकन बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ घ्यायचं ठरलंय. जागा नेहमीची, कॉलेज रोडवरची. दहा-बारा जण, वेळ दोन तास. गाणं सगळ्यांना पाठ आहे आणि खरी अडचण तीच आहे. पाठ असलेल्या गाण्याचे शब्द कोणी ऐकत नाही. मग दहाव्या मिनिटाला गाडी गाण्यात सैतानपूजा दडलीय या अफवेवर जाते आणि तिथून काही परत येत नाही. म्हणून आधी इथं लावून घेऊ.

कच्चा माल असा. अल्बम डिसेंबर १९७६ चा. सिंगल फेब्रुवारी १९७७ ला आलं आणि मे महिन्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. चाल मुळात डॉन फेल्डरची, शब्द डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांचे, गळा हेन्लीचा. गोष्ट थोडक्यात: रात्री महामार्गावरून जाणारा एक जण हॉटेलात थांबतो आणि मग त्याला तिथून जाता येत नाही. लांबी साडेसहा मिनिटं.

आता मोजमाप, कारण अर्थ लावताना ते लागणार आहे. लय मिनिटाला ७४ ठोक्यांच्या आसपास. आठ बारचं एक आवर्तन धरा, म्हणजे साधारण २६ सेकंद. सुरुवातीचं वादन दोन आवर्तनं, पहिलं कडवं दोन, ध्रुवपद एक, दुसरं कडवं दोन, ध्रुवपद एक, तिसरं कडवं दोन. झाली दहा. त्यामुळे आवाज लागतो ५२व्या सेकंदाच्या सुमारास आणि सोलो सुरू होतो चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास. उरलेली दोन मिनिटं दहा सेकंद नुसती गिटार, पुन्हा पाच आवर्तनं.

हिशोबात एक जागा रिकामी आहे, ती बघा. तिसऱ्या कडव्यानंतर ध्रुवपद नाही. हॉटेलचं ‘या, या’ दोनदाच होतं. माझ्या मते गाण्याचा अर्थ या रिकाम्या जागेपासून लावायला घ्यावा, मुखपृष्ठावरच्या फोटोपासून नाही.

पद्धत सुचवतो. पहिल्यांदा गाणं मधे न थांबवता, डोळे मिटून. दुसऱ्यांदा प्रत्येकाने आपापल्या कानाने शब्द उतरवायचे, ओळीगणिक थांबवत. तिसऱ्यांदा छापील शब्दांशी ताडायचे. कागदाला चार रकाने: ओळ, बोलणारा कोण, काळ कुठला, खाली कॉर्ड कोणती. बाहेरची माहिती, म्हणजे मुलाखती, अफवा, कोर्टकज्जे, हे सगळं चारही रकाने भरल्यावर. क्रम उलटा केला की माणूस माहितीला साजेलसंच ऐकतो.

---

रविवारकारंजा

सैतानाला एकदम बाहेर काढू नका राव. मुखपृष्ठ उघडलं की आतल्या फोटोत वर गॅलरीत एक माणूस उभा आहे, तो म्हणे अँटन लावे, चर्च ऑफ सेटनचा. त्याचं पुस्तक १९६९ चं. गाण्यात साल कुठलं? १९६९. शिवाय तिसऱ्या कडव्यात मेजवानी, सुरे आणि न मरणारं जनावर. अजून काय पाहिजे?

---

वाचनालयवाली

@रविवारकारंजा, तुमचाच पुरावा रकान्यात भरून बघा. ते चर्च निघालं १९६६ ला. आणि गाण्यात कॅप्टन काय म्हणतो? तेव्हापासून ती गोष्ट इथं आलेलीच नाही. म्हणजे १९६९ ला काहीतरी सुरू झालं असं नाही, काहीतरी संपलं. अफवेला सुरुवातीचं साल हवंय आणि गाणं शेवटाचं साल देतंय. गाठ बसत नाही.

फोटोचं म्हणाल तर बाहेरची इमारत बेव्हर्ली हिल्स हॉटेलची, सूर्यास्ताला क्रेनवर सुमारे ६० फूट चढून काढलेली. आतला फोटो हॉलीवूडमधल्या लिडो हॉटेलच्या लॉबीतला. दोन वेगळ्या इमारती जोडून केलेलं हे हॉटेल, त्यामुळे ‘खरं हॉटेल कुठलं’ याला उत्तरच नाही. मेक्सिकोत तोदोस सान्तोस गावी त्याच नावाचं एक हॉटेल आहे. नावावरून बँडने २०१७ ला अमेरिकेत दावा लावला आणि २०१८ ला तो मिटला. कॅमारियोच्या मनोरुग्णालयाची कथाही अशीच कोणीतरी चिकटवलेली.

आता माझा मुद्दा, काळाचा रकाना. पहिलं कडवं पूर्ण भूतकाळात: दिवा दिसला, डोकं जड झालं, थांबावं लागलं, ती दारात उभी होती. दुसरं कडवं सुरू होताच पहिल्या चार ओळी वर्तमानात येतात. तिचं मन असं आहे, तिचे देखणे मित्र आहेत, ते अंगणात नाचतात. मग ‘कॅप्टनला बोलावलं’ पुन्हा भूतकाळ. लगेच ‘ते आवाज अजून हाका मारतात’ वर्तमान. तिसऱ्यात ती म्हणाली, ते जमले, हे भूतकाळात. सुरे खुपसतात पण जनावर मरत नाही, हे वर्तमानात. मी दाराकडे पळत होतो, परत भूतकाळ.

नियम सरळ दिसतो. निवेदकासोबत घडलं ते भूतकाळात, हॉटेलात चालतं ते वर्तमानात. मेजवानीला ‘जमले’ हा एकच अपवाद. म्हणजे सांगणारा माणूस सुटून आल्यावर किस्सा सांगत नाहीये. आवाज त्याला अजून ऐकू येतायत, नाच अजून चालू आहे. तो आत बसूनच सांगतोय.

---

पंचवटीकर

ताई, वाचन सुरेख आहे, पण काळ मिसळणं ही इंग्रजी गाण्यांतली जुनीच खोड आहे. मात्रा बसेना की गाणारा काळ बदलतो. त्यावर एवढा इमला उभारावा का?

---

वाचनालयवाली

मात्रेसाठी बदलला असता तर कुठेही बदलला असता. इथं बदल एकाच रेषेवर होतोय. शिवाय दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला भूतकाळी क्रियापद मात्रेत सहज बसलं असतं, एकाही अक्षराची भर न पडता. तरी घेतलेलं नाही.

---

पंचवटीकर

बरं. तूर्तास मान्य.

---

द्राक्षबाग

कॅप्टनच्या ओळीवर पिंपळगावाकडून थोडं.

निवेदक वाइन मागतो आणि कॅप्टन तिला ‘स्पिरिट’ म्हणतो. इंग्रजीत स्पिरिट म्हणजे कडक दारूही आणि जोशही. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य कुठल्याही वायनरीच्या सेलरमध्ये म्हणून बघा, हशा पिकेल. वाइन आंबवतात. द्राक्षं २२ ते २४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) उतरवायची, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल होतं १२-१३ टक्के, तिथं काम संपलं. स्पिरिटला ऊर्ध्वपातन लागतं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. ती वाफ वेगळी धरून थंड करायची. वाइनचीच अशी वाफ धरली की ब्रँडी होते, बाटलीत ४० टक्क्यांच्या आसपास. दोन वेगळी खाती, दोन वेगळी लायसन्स.

म्हणून बरेच लोक म्हणतात, हेन्लीला दारूतलं कळत नव्हतं. २००९ ला एका मुलाखतकाराने त्याला हे तोंडावर विचारलंही होतं. हेन्लीने शिकवणीबद्दल आभार मानले आणि रूपक तुमच्या हातून सुटलं असं ऐकवलं. पण मुलाखतीपर्यंत जायचीही गरज नाही, गाण्यातच उत्तर आहे. तिसऱ्या कडव्यात बर्फात ठेवलेली गुलाबी शॅम्पेन आहे. शॅम्पेन म्हणजे वाइनच, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली. आतला दाब पाच-सहा वातावरणांचा, म्हणून तर बूच उडतं. म्हणजे त्या हॉटेलात वाइनचा तुटवडा नाही, उलट महागातली वाइन वाहतेय. मग ‘ती १९६९ पासून नाही’ असं कॅप्टन कशाबद्दल म्हणतोय? दारूबद्दल नक्कीच नाही. पाहुण्याने पेय मागितलं, त्याने उत्तर दिलं त्या काळातल्या जोशाबद्दल.

१९६९ च्या ऑगस्टात वुडस्टॉकचा संगीत महोत्सव झाला आणि ६ डिसेंबरला अल्टामाँटचा. तिथं कार्यक्रम चालू असताना एका प्रेक्षकाला भोसकून मारलं. ‘तेव्हापासून तो जोश नाही’ हे त्यावेळच्या अमेरिकन श्रोत्याला फोड करून सांगावं लागलं नसणार.

---

देवळालीकॅम्प

+१ द्राक्षबाग. कॅप्टनचं थोडं हॉटेलवाल्यांच्या बाजूने.

हा कॅप्टन फौजेतला नाही आणि जहाजावरचाही नाही. आपल्याकडे कुठल्याही बऱ्या रेस्टॉरंटात ऑर्डर घेतो तो कॅप्टन, ताट आणतो तो स्टुअर्ड. अमेरिकेतही हाच अर्थ. भारतीय श्रोत्याला ही ओळ खरं तर जास्त सोपी जायला हवी, पण इंग्रजी गाणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जहाज येतं. साठ्यात काय आहे नि काय नाही हे कॅप्टनलाच माहीत असतं, त्यामुळे ‘नाही’ म्हणायचा अधिकारही त्याचाच.

शेवटी येतो तो रात्रपाळीचा माणूस. फ्रंट ऑफिसला रात्री दिवसाचा हिशोब बंद होतो, सगळ्या खोल्यांची खाती तपासली जातात. ‘चेक आउट’ ही तिथली नोंद आहे: बिल चुकतं, किल्ली जमा, खोली रिकामी. माणूस दाराबाहेर पडला की नाही हे त्या नोंदीत येत नाही. म्हणून त्याचं शेवटचं वाक्य रजिस्टरच्या भाषेत तंतोतंत बरोबर आहे. खातं केव्हाही बंद करा, जाणं मात्र नाही. धमकीचा एक शब्द नाही त्यात. उलट आधी ‘निवांत राहा’ म्हणतो. नियमाच्या आवाजात बोलतो, म्हणून ते वाक्य जास्त लागतं.

---

बास_आणि_बास

सगळे शब्दांवर तुटून पडलेत, चौथा रकाना कोणी भरायचा? घ्या.

कडव्याच्या आठ कॉर्ड, प्रत्येकी एक बार: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प. सातव्या पडद्यावर कॅपो (गिटारच्या दांडीवर सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून वाजवणाऱ्यांसाठी आकार: ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन.

पेटी असेल तर पांढरी सातला (म्हणजे बी) सा धरा आणि प्रत्येक कॉर्डमधला एकच स्वर उचला. पहिलीतला सा. दुसरीत शुद्ध नी. तिसरीत कोमल नी. चौथीत शुद्ध ध. पाचवीत कोमल ध. सहावीत प. शेजारशेजारच्या पट्ट्या, एकही न गाळता, सहा बार उतरण. गिटारवर तर ही उतरण डोळ्यांना दिसते: कॅपोपासून मोजा, चौथ्या तारेवर दुसरा पडदा, पहिला, मोकळी तार, मग दुसऱ्या तारेवर दुसरा, पहिला, मोकळी. सप्तक बदलतं, पण स्वर तेच.

शुद्ध आणि कोमल दोन्ही नी, दोन्ही ध एका आवर्तनात येतात, म्हणून चाल एका घरात बसल्यासारखी वाटत नाही. सारखं काहीतरी पायाखालून सरकतं.

आता मुख्य गोष्ट. आवर्तन संपतं एफ शार्पवर, म्हणजे पंचमाच्या कॉर्डवर. तिथं कान सा मागतो. दर चौथी ओळ इथंच पडते: रात्रीपुरतं थांबावं लागलं, कोणी विसरायला नाचतं, जनावर मरत नाही. कडव्याच्या मधोमध सा मिळतो. पण कडवं संपून ध्रुवपद सुरू होताना? ध्रुवपद जी वर सुरू होतं. कानाने मागितला सा आणि हातावर ठेवला कोमल ध. दोन्ही वेळा असंच. स्वागत सुरू होतं तेच मुळी हुलकावणीने.

तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ, रात्रपाळीवाल्याची, पुन्हा त्याच एफ शार्पवर. आणि आता ध्रुवपद नाही, सोलो. सोलो कडव्याच्या कॉर्डवर आहे, म्हणजे सुरुवात बी मायनरवर. कडवं संपल्यावर सा पहिल्यांदा मिळतो तो ‘जाणं नाही’ या शब्दांनंतर. घरी पोचलात, फक्त घर ते हॉटेल आहे.

---

बारा_तारा

दंडवत घ्या मालक. रिकामी जागा दाखवली मी, पण तिचं कारण कॉर्डमध्ये आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

---

पंचवटीकर

मोठं छान, पण एक शंका. चाल फेल्डरची, शब्द नंतर लिहिले. मग ‘हुलकावणी’ हेन्लीने ठरवून दिली असं कसं म्हणता? चालीतच होती ना?

---

बास_आणि_बास

चालीतच होती, बरोबर. फेल्डरने डेमो घरी चार ट्रॅकच्या टेपवर केला होता, बारा तारांच्या गिटारवर. कामचलाऊ नाव होतं ‘मेक्सिकन रेगे’. तेव्हा हॉटेलही नव्हतं आणि कॅलिफोर्नियाही नव्हतं. पण कुठली ओळ कुठल्या कॉर्डवर टाकायची हे शब्द लिहिणाऱ्याच्या हातात असतं. तिसरं ध्रुवपद न घेणं हीसुद्धा निवड आहे. रेडिओवर चालायला पाहिजे असेल तर कोणीही तिसऱ्यांदा ध्रुवपद घेईल, लोकांना तेच गुणगुणायचं असतं.

सोलोही तिथल्या तिथं सुचलेला नाही. रेकॉर्डिंगला फेल्डर नवीन काहीतरी वाजवू लागला तेव्हा हेन्लीने त्याला डेमोतलंच वाजवायला लावलं. फेल्डर मायामीत, टेप घरी. शेवटी घरी फोन लावून कामवाल्या बाईंना कॅसेट फोनवर वाजवून दाखवायला सांगितली. म्हणजे तो सोलो बांधलेला आहे, ओळीइतकाच. अर्थ लावताना त्याला ‘नंतरचं वाजवणं’ म्हणून सोडू नका. आधी फेल्डर, मग बँडचा दुसरा गिटारवाला जो वॉल्श, मग दोघांची देवाणघेवाण आणि शेवटी दोघं मिळून तीच उतरण वाजवतात. पाच आवर्तनं, सगळी एफ शार्पवर संपणारी. मग आवाज हळूहळू कमी होत जातो. गाणं थांबत नाही, आपल्याला ऐकू येईनासं होतं.

---

मनमाडलोकल

नवीन आहे, प्रश्न बावळट वाटला तर माफ करा. १९९४ च्या अकूस्टिक कार्यक्रमातलं गाणं घेतलं तर चालेल का? ते जास्त स्वच्छ ऐकू येतं.

---

बारा_तारा

प्रश्न अजिबात बावळट नाही. शब्द उतरवायला जरूर घ्या, उच्चार मोकळे आहेत. अर्थ लावायला मात्र मूळ ध्वनिमुद्रणच. कार्यक्रमात फेड आउट करता येत नाही, शेवट वाजवून संपवावा लागतो आणि लोक टाळ्या वाजवतात. वर बास_आणि_बास यांनी मांडलंय त्यातलं निम्मं तिथंच जातं. शिवाय नायलॉन तारांची लांबलचक नवी सुरुवात आहे, त्यामुळे धाग्यातली मिनिटं-सेकंदं जुळणार नाहीत.

मूळ घेतानाही एक पाहा. फोनच्या स्पीकरवर लावू नका. बासचा बी ६२ हर्ट्झच्या आसपास आहे, फोन तिथपर्यंत पोचतच नाही. त्या गाण्यात बास मधेमधे गप्प बसतो, रेगेसारखा. फोनवर ऐकलं तर गप्प बसणं आणि ऐकू न येणं यात फरकच कळत नाही.

---

मनमाडलोकल

धन्यवाद दादा. आणि बारा तारांच्या गिटारला सातव्या पडद्यावर कॅपो लावला की सूर चढतो, ते का?

---

बारा_तारा

कॅपो तार नुसती दाबत नाही, थोडी ताणतोही. बारा तारांत जाड तारेशेजारी तिची वरच्या सप्तकातली बारीक तार असते. दोघींची जाडी वेगळी, ताण वेगळा, त्यामुळे चढही वेगवेगळा. जोडी फाटते. उपाय: कॅपो पडद्याला अगदी खेटून लावायचा, मधोमध नाही. दाब कमीजास्त करता येणारा स्क्रूचा कॅपो घ्यायचा आणि तारा खरखरायच्या थांबतील इतकाच आवळायचा. सूर कॅपो लावल्यानंतर पुन्हा मिळवायचे, आधी जाड तार, मग तिची जोडीदार. तिसऱ्या जोडीतली बारीक तार सगळ्यात आधी तुटते, एक जास्तीची जवळ ठेवा. सहा तारांवर ही कटकट खूप कमी.

सातवर कॅपो का, तर सुरुवातीला पट्टी ई मायनर होती. ती हेन्लीच्या गळ्याला जमेना, म्हणून बी मायनर झाली. आकार तेच ठेवून कॅपो वर सरकवला. त्यातून ती टणक, घंटेसारखी सुरुवात मिळाली.

---

रविवारकारंजा

घंटेवरून आठवलं. पहिल्या कडव्यात ती दारात उभी असताना मिशनची घंटा वाजते. हे तरी चर्चचं धरायचं की नाही?

---

वाचनालयवाली

चर्चचंच, पण भूगोलासकट. कॅलिफोर्नियात १७६९ ते १८२३ या काळात स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी २१ मिशनं बांधली, एकापुढे एक, एका रस्त्याने जोडलेली. त्या रस्त्याची खूण म्हणून १९०६ पासून कडेला खांबांवर घंटा टांगायला लागले. म्हणजे महामार्गावरच्या प्रवाशाला मिशनची घंटा भेटणं तिथं नवलाचं नाही. मिशन म्हणजे वाटसरूचा मुक्काम. निवेदक घंटा ऐकतो आणि त्याच दमात स्वर्ग की नरक असा विचार करतो. मुक्काम कुणाचा, हे त्याला ठरवता येत नाहीये.

अवांतर: नाशिककराला मिशन म्हटलं की शरणपूर आठवतं. ते चर्च मिशनरी सोसायटीचं, अँग्लिकन, एकोणिसाव्या शतकातलं, गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना ठेवायला. या गाण्याशी त्याचा संबंध नाही. बैठकीत कोणीतरी जोडेलच, म्हणून आधीच लिहून ठेवते.

---

पंचवटीकर

‘ती’ कोण, हे राहिलंच की. दारातली, मेणबत्तीवाली, महागड्या गाडीवाली आणि ‘आपण सगळे आपणच केलेल्या तुरुंगात आहोत’ म्हणणारी, या सगळ्या एकच?

---

वाचनालयवाली

मी एकच धरते. मधे दुसरी बाई आली असं सांगणारी खूण नाही.

---

द्राक्षबाग

मी नाही धरत. पहिल्या कडव्यातली बाई काहीच बोलत नाही, नुसती वाट दाखवते. दुसऱ्यातली नुसती दुरून पाहिलेली आहे. तिसऱ्यातली एकदम शहाणपणाचं वाक्य बोलते. एक बाई इतकी बदलत नाही. मला तर ती यजमान कमी आणि आधी आलेली पाहुणी जास्त वाटते. ‘आपण सगळे’ म्हणते, ‘तुम्ही सगळे’ नाही.

---

वाचनालयवाली

‘आपण सगळे’ची नोंद चांगली आहे, पण त्याने माझंच पारडं जड होतं. हॉटेलात आधी आलेला पाहुणाच पुढच्याला मेणबत्ती दाखवतो. मग पुढच्या खेपेला आपला निवेदकच दारात उभा असेल. रविवारी भांडू.

---

रविवारकारंजा

सैतान गेला, निदान ते पोलादी सुरे तरी मला द्या.

---

बास_आणि_बास

तेही नाही मिळायचे. स्टीली डॅन नावाच्या बँडने १९७६ च्याच एका गाण्यात ‘ईगल्सचा आवाज वाढव, शेजारी ऐकतायत’ असा टोमणा मारला होता. दोन्ही बँडचा मॅनेजर एकच. सुऱ्यांना ‘स्टीली’ म्हणून ईगल्सनी सलाम परत केला. पण त्याने ओळीचा सगळा अर्थ लागत नाही, एवढंच कळतं की तोच शब्द का घेतला. जनावर कुठलं, हा प्रश्न तसाच राहतो. माझ्या मते यश आणि पैसा. त्याच हॉटेलात जेवायला बसायचं, त्यालाच भोसकायचं, आणि उद्या परत जेवायला हजर. हेन्लीने स्वतः या गाण्याला निरागसपणाकडून अनुभवाकडे जाणारा प्रवास म्हटलंय. तेवढं पुरेसं मोघम आहे, आपल्याला वाद घालायला जागा राहते.

---

देवळालीकॅम्प

शब्द उतरवताना फसायच्या जागा आधीच सांगून ठेवतो, वेळ वाचेल. पहिल्या कडव्यातला वासाचा शब्द स्पॅनिश आहे, कोलितास, ‘छोट्या शेपट्या’. गांजाच्या बोंडांना म्हणतात. वेबसाइटींवर तो नाना तऱ्हांनी लिहिलेला सापडेल, फुलाचं नाव समजू नका. दुसऱ्या कडव्यात मर्सिडीजनंतर गाडीचं नाव (बेंझ) आणि पाणबुड्यांना होणारा त्रास (बेंड्स), दोन्ही कानाला एकच लागतात. खोलातून झपाट्याने वर आलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, त्याचा तो आजार. श्लेष आहे, दोन्ही लिहा. पुसून एकच ठेवणाऱ्याचा कागद तपासला जाईल.

---

बारा_तारा

मग रविवारचं नक्की करतो.

दोन स्पीकर आणि ऐकणारे मिळून त्रिकोण होईल अशा खुर्च्या, पहिली रांग दोन मीटरवर. स्पीकर जमिनीवर नको, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. ज्याच्या फोनवरून लावणार त्याने अ‍ॅपमधलं क्रॉसफेड बंद करून ठेवा. ते चालू राहिलं तर शेवटच्या काही सेकंदांवर पुढचं गाणं चढतं, आणि आपल्याला नेमके तेच सेकंद ऐकायचेत. आवाज एकदा लावला की फेड होताना कोणी वाढवायचा नाही.

पहिला अर्धा तास कागद. मग काळ आणि बोलणारा, ताई सांगतील. कॅप्टन आणि वाइन दहा मिनिटांत उरका. कॉर्डला पाऊण तास ठेवलाय. अफवांना शेवटची दहा मिनिटं, रविवारकारंजा, ती तुमची.

पेटी लागेल, पांढरी सातपासून खालच्या पट्ट्या नीट वाजणारी. कोण आणतंय?

---

पंचवटीकर

पेटी मी आणतो. कागद मात्र चार रकाने आखूनच आणा, तिथं आखत बसलो तर अर्धा तास त्यातच जाईल.